परवाना आहे, विमान स्वतःचे आहे, तरी प्रशिक्षक थांबा का म्हणतो?

प्रश्न : मी पन्नाशीतला उद्योजक आहे. तीन वर्षांपूर्वी खासगी वैमानिकाचा परवाना मिळवला आणि गोल डायलांच्या एका जुन्या दोन आसनी प्रशिक्षण विमानावर १८० तास पूर्ण केले. या वर्षी मी सिरस एसआर-२२ हे चार आसनी, ३१० अश्वशक्तीचे विमान घेतले. त्यात दोन मोठे स्क्रीन, उत्तम ऑटोपायलट आणि सबंध विमानाला खाली उतरवणारे पॅराशूट आहे. चार दिवसांचे प्रशिक्षण घेतले, लॉगबुकात लागतात त्या सगळ्या सह्या आहेत. तरीही, पत्नी आणि मुलीला घेऊन लांबच्या प्रवासाला जाण्याआधी एकदा तपासून घ्यावे म्हणून एका प्रशिक्षकाबरोबर उडालो. त्याने ऑटोपायलट बंद केला, मुख्य स्क्रीन अंधारा केला आणि हाताने उडवायला लावले. माझी उंची ३०० फूट वरखाली झाली. परत येताना फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे येण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, वेग १५ नॉट (तासाला १५ सागरी मैल) जास्त राहिला आणि विमान धावपट्टीवरून एकदा उसळले. त्यावर त्याने सांगितले, की आणखी दहा तास आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगात, बाहेरचे काही दिसत नसताना केवळ उपकरणांवर उडण्याची पात्रता) झाल्याशिवाय कुटुंबाला नेऊ नका. ऑटोपायलट आणि स्क्रीन एकदम बंद पडण्याची वेळ येतेच कधी? शिवाय शेवटचा उपाय म्हणून पॅराशूट आहेच. माझ्यासारखेच विमान असलेले मित्र म्हणतात, की प्रशिक्षकांना तास वाढवायचे असतात. माझ्या हातून कायद्याचा कोणताही भंग होत नसताना मी त्याचे का ऐकावे?

उत्तर : कुटुंबाला नेण्याआधी थांबा, हा तुमच्या प्रशिक्षकाचा सल्ला योग्य आहे आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा त्याचा आग्रहही रास्त आहे. ‘आणखी दहा तास’ या हिशेबाशी मात्र मी सहमत नाही, त्याबद्दल पुढे लिहितो. आपल्या उड्डाणातल्या दोन्ही उणिवा तुम्ही आकड्यांसह कळवल्या आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपली उंची किती ढळली हे ज्याला ठाऊक असते, त्याला सुधारणे अवघड जात नाही.

तुमचा सर्वांत ठाम मुद्दा कायद्याचा आहे, म्हणून आधी तो घेतो. तुम्ही कायद्यात पूर्णपणे बसता, हे मान्य. पण कायदा तुमच्याकडून किती थोडे मागतो, हे एकदा नीट पाहावे. मोठ्या जेट विमानांच्या प्रत्येक प्रकारासाठी वैमानिकाला वेगळे रेटिंग घ्यावे लागते, परंतु एका पिस्टन इंजिनाच्या विमानांना साधारणपणे ती अट नसते आणि परवाना त्या सबंध वर्गाला लागू होतो. त्यामुळे शंभर-सव्वाशे अश्वशक्तीच्या विमानावर शिकलेला माणूस थोड्याशा जादा शिकवणीनंतर ३१० अश्वशक्तीच्या विमानाचा कायदेशीर कप्तान होऊ शकतो. अमेरिकेत २०० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या इंजिनासाठी प्रशिक्षकाची एक सही लागते, पण ती देण्यासाठी किमान किती तास शिकवावे, हे नियमात सांगितलेले नाही. तिथे दर २४ महिन्यांनी होणाऱ्या फेरतपासणीत किमान एक तास जमिनीवर चर्चा आणि एक तास उड्डाण एवढेच अपेक्षित आहे, आणि प्रवासी न्यायचे असतील तर मागच्या ९० दिवसांतली तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग पुरतात. युरोपात एका पिस्टन इंजिनाच्या विमानांच्या वर्गाचे रेटिंग दोन वर्षे चालते, आणि परीक्षा न देता ते वाढवून घ्यायचे असल्यास शेवटच्या वर्षभरात १२ तासांचे उड्डाण आणि त्यातच प्रशिक्षकासोबतचा किमान एक तास दाखवावा लागतो. महिन्याला एक तास! एवढ्यावर परवाना जिवंत राहतो, पण हातातले कसब त्यावर टिकत नाही.

याउलट, विमान कंपनीच्या कॅप्टनची आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे वर्षातून दोनदा कौशल्य तपासणी होते, आणि तीत त्याच्यापुढे एकामागून एक बिघाड उभे केले जातात. त्याच्या शेजारी दुसरा वैमानिक असतो, कामाच्या तासांना मर्यादा असते, आणि संस्थेत त्याच्या वर मुख्य वैमानिक असतो. तुम्ही त्याच हवेतून, मिनिटाला जवळपास तीन सागरी मैलांच्या वेगाने, एकटे जाणार आहात. विमान तुमचे, वेळापत्रक तुमचे, पोहोचण्याची निकड तुमची आणि निघायचे की नाही हा निर्णयही तुमचाच. ‘आज जायचे नाही’ असे तुम्हाला बजावण्याचा अधिकार असलेला एकही माणूस तुमच्या वर नाही. मालकच जेव्हा वैमानिक असतो, तेव्हा मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. उद्योगात तुम्हाला ज्या गुणांनी यश दिले, म्हणजे झटपट निर्णय घेणे, नकार न स्वीकारणे, ठरवलेले तडीस नेणे, ते गुण वादळी ढगांपुढे उपयोगी पडत नाहीत, उलट माणसाला पुढे ढकलतात. तुमच्या प्रशिक्षकाने नकळत त्या रिकाम्या जागी उभे राहण्याचा प्रयत्न केला, आणि त्यामुळेच तुम्हाला त्याचा राग आला असावा.

आता ऑटोपायलटकडे वळतो. तो आणि स्क्रीन एकदम बंद पडणे दुर्मीळ आहे, हे तुमचे म्हणणे खरे आहे. परंतु उपकरण बिघडल्यावरच हाताने उडवावे लागते, ही समजूत बरोबर नाही. उपकरणे अगदी ठाकठीक असतानाही ती वेळ येते. एक प्रसंग बारकाईने सांगतो. समजा, तुम्ही १२,००० फुटांकडे चढत आहात आणि ऑटोपायलटला व्हर्टिकल स्पीड मोडमध्ये मिनिटाला १,००० फूट चढण्याची आज्ञा दिली आहे. खाली असताना इंजिन हे काम सहज करते. वर जावे तशी हवा विरळ होते, टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती उतरत जाते, आणि ढगातून जाताना पंखांवर थोडा बर्फही धरू लागलेला असू शकतो. अशा वेळी ऑटोपायलटला इंजिनाची शक्ती वाढवता येत नाही. सांगितलेला चढण्याचा दर टिकवण्यासाठी विमानाचे नाक आणखी उचलणे एवढेच त्याच्या हाती असते. त्यामुळे वेग १२० नॉटवरून ११० वर, मग १०० वर, मग ९० वर उतरतो, आणि तुम्ही त्या वेळी दुसऱ्या स्क्रीनवर पुढच्या विमानतळाचे हवामान वाचत असता. अलीकडच्या विमानांत कमी वेगाचा इशारा आणि काही प्रमाणात संरक्षण असते, जुन्या आवृत्त्यांत ते नसते. या अवस्थेत ऑटोपायलट सुटला, तर तुमच्या हाती येते ते स्टॉल होण्याच्या, म्हणजे वेगाअभावी पंखांची उचल तुटण्याच्या, बेतात असलेले आणि नाक आपोआप वर राहील असे बसवलेले (ट्रिम झालेले) विमान, तेही ढगात. इथे कोणतेही उपकरण बिघडलेले नाही, जी आज्ञा दिली होती तीच ऑटोपायलटने शेवटपर्यंत पाळली.

म्हणून स्क्रीनच्या वरच्या पट्टीतली अक्षरे वाचण्याची सवय लावून घ्या. बटण दाबले म्हणजे मोड लागलाच, असे नसते. तुमच्यासारख्या विमानात जो मोड प्रत्यक्ष काम करत आहे तो हिरव्या अक्षरांत दिसतो आणि जो केवळ तयारीत आहे तो पांढऱ्या. नियंत्रकाने ऐनवेळी धावपट्टी बदलली, वैमानिक मान खाली घालून नवा अप्रोच (धावपट्टीवर उतरण्याचा आखलेला मार्ग) भरू लागला, आणि दरम्यान विमान अजून हेडिंग मोडमध्येच, म्हणजे आधी दिलेल्या दिशेनेच जात, असल्यामुळे अप्रोचची रेषा ओलांडून पलीकडे निघून गेले, असे पुन्हा पुन्हा घडते. प्रत्येक बदलानंतर ती पट्टी मोठ्याने वाचावी, एकटे असलात तरीही. अपेक्षेपेक्षा वेगळे काही दिसले तर पुन्हा बटणे दाबत न बसता ऑटोपायलट सोडून द्यावा, विमान हाताने सरळ ठेवावे आणि मग पुढचे पाहावे. पण हे करण्याचा धीर कोणाला होतो? ज्याला हाताने उडवण्याची भीती वाटत नाही त्याला. बाकीचे गोंधळलेल्या ऑटोपायलटला चिकटून राहतात. प्रशिक्षकाने तुम्हाला तसे उडायला का लावले, त्याचे उत्तर इथे आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० साली या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००२ ते २००६ या काळात तयार झालेली एका इंजिनाची हलकी विमाने त्यांनी घेतली आणि गोल डायलांच्या विमानांची स्क्रीनवाल्या विमानांशी तुलना केली. स्क्रीनवाल्या विमानांचे एकूण अपघातांचे प्रमाण कमी निघाले, पण जीवघेण्या अपघातांचे प्रमाण जास्त निघाले. ही विमाने लांबच्या प्रवासाला आणि इन्स्ट्रुमेंटवर उडण्याच्या हवामानात अधिक वापरली जातात, हेही त्या अभ्यासात नोंदलेले आहे, त्यामुळे सगळा दोष स्क्रीनला देता येत नाही आणि मंडळानेही तसा तो दिला नाही. वैमानिकाला त्याच्या स्वतःच्या विमानात बसवलेल्या उपकरणांचे नेमके प्रशिक्षण मिळाले पाहिजे, असा त्यांच्या शिफारशींचा रोख होता. मला त्यातून जे दिसते ते असे, की नवे विमान कौशल्याची गरज कमी करत नाही, उलट जुन्या कौशल्यावर आणखी एका कौशल्याची भर घालते. चार दिवसांत तुम्ही त्या दुसऱ्या कौशल्याची ओळख करून घेतलीत, ती घेणेच अनेक मालक टाळतात, म्हणून ते चार दिवस वाया गेले असे मी मुळीच म्हणणार नाही.

फायनलवरचे जादा १५ नॉट मला त्या ३०० फुटांपेक्षा अधिक गंभीर वाटतात. ८० नॉटऐवजी ९५ नॉटने धावपट्टीवर आलात, तर वेग १९ टक्क्यांनी वाढलेला दिसतो, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे विमानात ४१ टक्के जादा ऊर्जा असते. ती कुठेतरी खर्च व्हावी लागते. खाली पंख असलेले, गुळगुळीत अंगाचे असे विमान त्या ऊर्जेवर धावपट्टीवर तरंगत राहते, वैमानिक अधीर होऊन नाक खाली दाबतो, पुढचे चाक आधी टेकते आणि विमान उसळते. एक उसळी बहुधा निभावते. ती हाताने दाबून बसवण्याचा प्रयत्न केला की दुसरी उसळी मोठी येते, तिसरीला प्रोपेलर जमिनीला लागण्याची शक्यता असते. पहिल्याच उसळीनंतर थ्रॉटल पूर्ण पुढे करून गो-अराउंड करणे, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाणे, हा त्यावरचा खरा उपाय आहे, आणि तुमच्या जुन्या विमानात व नव्या विमानात सर्वांत मोठा फरक नेमका तिथेच जाणवतो. कमी वेगाला ३१० अश्वशक्ती एकदम आली की नाक डावीकडे जोरात ओढले जाते, लँडिंगसाठी ट्रिम केलेले असल्यामुळे ते वरही उसळते, आणि उजवा रडर (पायाने चालवायचे शेपटीवरचे सुकाणू) वेळेवर व पुरेसा दिला नाही तर काही सेकंदांत विमान डाव्या पंखावर कलू लागते. फ्लॅप (उतरताना खाली सोडलेल्या पंखांमागच्या पट्ट्या) एकदम सगळे उचलले तर विमान खाली बसते, ते टप्प्याटप्प्यानेच घ्यावे लागतात. हे वाचून कळते, पण पायाला वळण लागायला ते पुन्हा पुन्हा करावेच लागते. प्रशिक्षकाला सांगून एक पूर्ण सत्र केवळ गो-अराउंडसाठी ठेवा, त्यात एकही लँडिंग पूर्ण केले नाही तरी चालेल.

पॅराशूटबद्दल तुमचा विश्वास योग्य जागी आहे, फक्त तो अपुऱ्या माहितीवर उभा आहे. एसआर-२० हे या घराण्यातले पहिले विमान १९९८ मध्ये प्रमाणित झाले तेव्हापासून पॅराशूट त्याच्या रचनेचाच भाग आहे, २००२ मध्ये प्रत्यक्ष संकटात ते पहिल्यांदा यशस्वीपणे वापरले गेले, आणि त्यानंतर दोनशेहून अधिक माणसे त्याच्यामुळे जिवंत राहिली आहेत. मी स्वतः त्याचा खंदा पुरस्कर्ता आहे. परंतु ते उघडायला उंची लागते. सुरुवातीच्या विमानांच्या चाचण्यांत सरळ उड्डाणातून सुमारे ४०० फूट आणि एका फेऱ्याच्या स्पिनमधून (स्टॉल होऊन गरगरत खाली येण्यातून) सुमारे ९२० फूट उंची खर्ची पडली होती, आणि पुढच्या, जड आवृत्त्यांसाठी हे आकडे वाढले. त्याला वेगाचीही मर्यादा आहे, आवृत्तीनुसार ती १३३ किंवा १४० नॉटच्या आसपास दिलेली असते, आणि नाक खाली करून गरगरत येणारे विमान ती बघता बघता ओलांडते. तुमच्या विमानाचे नेमके आकडे त्याच्या हस्तपुस्तिकेतून काढा आणि पाठ करा.

पॅराशूट ही एक निर्णयाची बाब आहे, आणि निर्णय हा सरावाचाच विषय आहे. या विमानांच्या पहिल्या काही वर्षांत जीवघेण्या अपघातांचे प्रमाण एवढ्या सोयींच्या विमानाकडून अपेक्षित होते त्यापेक्षा बरेच जास्त होते. हँडल डोक्यावर असूनही ते न ओढता, किंवा फार उशिरा ओढून, लोक गेले. पुढे मालकांच्या संघटनेने आणि उत्पादकाने प्रशिक्षणाचा रोख बदलला, कोणत्या प्रसंगात विचार करत न बसता हँडल ओढायचे हे आधीच ठरवायला आणि सिम्युलेटरवर घोटून घ्यायला शिकवले, आणि २०१० नंतरच्या दशकात ते प्रमाण ठळकपणे खाली आले. पॅराशूट तर आधीपासून होतेच, बदलले ते वैमानिक. म्हणून टेकऑफपूर्वी दरवेळी तोंडाने म्हणा, की अमुक उंचीच्या खाली इंजिन बंद पडले तर सरळ पुढे उतरणार, त्या उंचीच्या वर असलो तर लगेच हँडल ओढणार. हँडल दोन्ही हातांनी, सरळ खाली, बरेच बळ लावून ओढावे लागते. ते प्रात्यक्षिकाच्या यंत्रावर एकदा तरी ओढून पाहा.

आणि जिथे पॅराशूट उपयोगी पडत नाही, अशा जागाही ध्यानात ठेवा. ११ ऑक्टोबर २००६ रोजी न्यूयॉर्कमध्ये बेसबॉलपटू कोरी लिडल यांचे एसआर-२० ईस्ट नदीवरून जाताना इमारतीवर आदळले आणि ते व त्यांच्याबरोबरचे प्रशिक्षक दोघेही गेले. विमान चार वर्षांचे होते, त्याला पॅराशूट होते, विमानात प्रशिक्षक होता. तपासात जे कारण नोंदले गेले ते अतिशय साधे होते : अरुंद जागेत माघारी वळताना योजना आणि विमान हाताळणी अपुरी पडली. वारा पूर्वेकडून होता आणि तो विमानाला वळणाच्याच दिशेने ढकलत होता, तरी वळण्याआधी नदीची पूर्ण रुंदी वापरली गेली नाही. वळणात वारा कुठे नेतो, आणि ६० अंशांच्या कलात उंची राखायची तर विमानाला दुप्पट भार पेलावा लागून स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी का वाढतो, या गोष्टी परवान्याच्या पहिल्या महिन्यांत शिकवल्या जातात आणि स्क्रीन त्या आपल्या वतीने करत नाही. बेस लेगवरून (फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्यावरून) फायनलवर वळताना, पाच-सहाशे फुटांवर, जास्तीचा रडर देऊन वळण आवळण्याची चूक आजही जीव घेते, कारण तिथे सावरायलाही उंची नसते आणि पॅराशूटलाही ती जेमतेमच असते.

इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे कारण थोडक्यात सांगतो. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात असे प्रशिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना बनावट ढगांत उडवले गेले. विसांपैकी विसांचा ताबा सुटला आणि त्याला सरासरी १७८ सेकंद लागले. तो प्रयोग लोकांना घाबरवण्यासाठी नव्हता, ढगात शिरलेल्या माणसाने माघारी वळून कसे सुटावे, याची सोपी पद्धत शोधण्यासाठी होता, आणि थोड्याशा शिकवणीनंतर त्यांनाच ते जमू लागले. तुमचे विमान तासाभरात १८० सागरी मैल कापते, म्हणजे निघताना पाहिलेले निरभ्र आकाश आणि पोहोचतानाचे आकाश यांचा काही संबंध नसण्याएवढे अंतर. असे विमान घेऊन प्रवास करणाऱ्याने रेटिंग घ्यावे आणि घेतल्यावर ते वापरात ठेवावे. वर्षानुवर्षे न वापरलेल्या रेटिंगच्या भरवशावर ढगात शिरणाऱ्या माणसाची मला रेटिंग नसलेल्यापेक्षा जास्त भीती वाटते, कारण दुसरा निदान ढगाबाहेर राहण्याची धडपड करतो.

आता त्या दहा तासांकडे येतो. तुमच्या मित्रांचे म्हणणे मी सरसकट खोटे ठरवणार नाही, तास लांबवणारे प्रशिक्षक असतात. त्यावरचा मार्ग असा, की तासांची बोलणी सोडून मापदंडाची बोलणी करा. ‘मी काय करून दाखवले म्हणजे तुम्ही सही द्याल?’ असे त्याला विचारा आणि उत्तर लेखी मागा. जो प्रशिक्षक नेमके उत्तर देऊ शकत नाही, त्याला बदला. जो देऊ शकतो, त्याला पाच तासांत तुम्ही समाधानी केलेत तर पाच, पंधरा लागले तर पंधरा. मापदंड नव्याने शोधण्याचीही गरज नाही. अमेरिकेच्या खासगी परवान्याच्या परीक्षेत ४५ अंशांच्या कलात पूर्ण वळण घेताना उंची १०० फुटांच्या आत राखावी लागते. म्हणजे तुमची सध्याची ३०० फुटांची ढळ त्या परीक्षेतही बसली नसती, आणि मी तुम्हाला त्याच्या वरच्या, व्यावसायिक परवान्याच्या परीक्षेचा मापदंड धरायला सांगेन : ५० अंशांचे वळण, फायनलवर वेग ठरलेल्या आकड्याच्या पाच नॉट आत, आणि धावपट्टीच्या समांतर असताना इंजिन मंद करून, १८० अंश वळून, ठरवलेल्या खुणेपुढे २०० फुटांच्या आत टेकवणे. त्यात मुख्य स्क्रीन बंद असताना एक संपूर्ण अप्रोच, ऐनवेळी धावपट्टी बदलल्यावर ऑटोपायलटसह आणि ऑटोपायलटशिवाय तोच अप्रोच पुन्हा, आणि सिम्युलेटरवर पॅराशूटचे प्रसंग यांची भर घाला. फायनलवर ५०० फुटांना वेग, उतरण्याचा दर आणि धावपट्टीची रेषा या तिन्ही गोष्टी जागेवर नसतील तर चर्चा न करता गो-अराउंड, हा नियम आजच लागू करा, त्यासाठी कोणाची सही लागत नाही.

प्रशिक्षक निवडताना त्याचे एकूण तास फारसे पाहू नका. त्याने तुमच्याच प्रकारच्या विमानावर आणि तुमच्याच स्क्रीन व ऑटोपायलटवर किती शिकवले आहे ते पाहा, कारण तीस वर्षे गोल डायलांवर शिकवलेला उत्तम शिक्षकही हिरव्या-पांढऱ्या अक्षरांच्या गोंधळात तुमच्याइतकाच नवखा असू शकतो. असा माणूस सापडला की दर सहा महिन्यांनी एक दिवस त्याच्या नावाने राखून ठेवा. शिवाय त्याला एक अधिकार द्या. पहिली दोन वर्षे कोणत्याही लांबच्या प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी त्याला फोन करून मार्ग, हवामान, इंधन आणि तुमची झोप यांची माहिती द्यायची, आणि तो नको म्हणाला तर जायचे नाही. ढगांची किमान उंची, दृश्यमानता, आडवा वारा आणि रात्रीचे उड्डाण यांच्या तुमच्या स्वतःच्या मर्यादा त्याच्यासमोर बसून कागदावर लिहा. त्या सैल करायच्या असतील तर घरी बसून, दुसऱ्या दिवशी कराव्यात, विमानतळावर उभे राहून कधीही करू नयेत. मालकाच्या वर नसलेला मुख्य वैमानिक तुम्हाला अशा रीतीनेच नेमता येईल, आणि तुमच्या विमा कंपनीशी बोललात तर अशा नियमित प्रशिक्षणाची नोंद ठेवण्याचे बहुधा तीही स्वागतच करेल.

मित्रांच्या गटातही एक गोष्ट सुरू करता आली तर पाहा. आपण किती वेगाने, किती उंचावरून, किती वाईट हवामानातून आलो हे सांगण्याची जिथे चढाओढ असते, तिथे कोणी गो-अराउंड केले किंवा अर्ध्या वाटेवरून परत फिरले, तर तेही तितक्याच मोकळेपणाने सांगितले जावे. नव्या मालकाचे खरे शिक्षण अशा गप्पांतूनच होते, चांगलेही आणि वाईटही.

कुटुंबाच्या प्रवासाबद्दल माझी सूचना अशी आहे. तोच मार्ग आधी प्रशिक्षकाला उजव्या आसनावर बसवून जा आणि या. मापदंड पूर्ण झाल्यावर पत्नी व मुलीला दिवसाच्या उजेडात, स्वच्छ हवेत, तासाभराच्या अंतरावर न्या, आणि लांबचा प्रवास त्यानंतर, रेटिंग हाती आल्यावर ठेवा. तुम्हाला अचानक भोवळ आली तर पत्नीने काय करावे, हेही ठरलेले असू द्या. रेडिओवर कोणते बटण दाबून बोलायचे, विमान सरळ करणारे बटण तुमच्या विमानात असल्यास ते कुठे आहे, आणि पॅराशूटचे आवरण काढून हँडल कसे ओढायचे, या तीन गोष्टी तिला पाठ हव्यात. त्यासाठी तिला एकदा प्रशिक्षकाबरोबर सिम्युलेटरवर बसवा, आणि त्या वेळी तुम्ही खोलीबाहेर थांबा, म्हणजे तिला जे विचारायचे असेल ते ती मोकळेपणाने विचारू शकेल.